फणसाच्या ठोकळ्याचा छेद

मी ठोकळ्याला हात लावला आणि पुढच्या बाकावरचा वकिलांचा मुलगा असा उडाला, जणू मी टेबलावर फुरसं सोडलंय.

"मास्तर, बाटवलात."

झालं. दौती कलंडल्या, अख्खा वर्ग भिंतीला चिकटला. आरडाओरडा ऐकून हेडमास्तर आले. आधी त्यांचं पोट आलं, मग बऱ्याच वेळाने ते. त्यांनी धाकू शिपायाला हाक मारली आणि माझ्यादेखत त्या ठोकळ्यावर घागर ओतवली. वर गोमूत्र. माझ्या तोंडावर शिंतोडे उडाले. पुसायची चोरी. रुमाल टेबलावर राहिला होता आणि टेबल आता शुद्ध झालं होतं.

"तुम्ही फळ्यावर काढा. ठोकळा धाकू उघडेल," हेडमास्तर म्हणाले. "सरकारने हातात खडू दिलाय, तेवढा पुरे."

मी संगमेश्वराकडचा, महारवाड्यातला. बाप पलटणीतला पेन्शनर. मुंबईत ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या आणि रत्नागिरीच्या या हायस्कुलात चिकटलो. दुसरा कुणी ड्रॉइंग मास्तर मिळेना, म्हणून घेतला. सरकारी इन्स्पेक्टरसाहेबाच्या तपासणीत वर्ग उतरला तर नोकरी कायम, नाहीतर वळकटी उचलायची.

शिकवायचा होता छेद. म्हणजे वस्तू मधोमध चिरली असं समजायचं, पुढचा अर्धा भाग बाजूला काढायचा आणि आत दिसेल ते कागदावर उतरवायचं. करवत जिथे लाकडातून गेली तिथे तिरप्या रेघा. पोकळी कोरी. त्यासाठी हा फणसाच्या लाकडाचा, आतून पोकळ ठोकळा. दोन अर्धुकं, लाकडी खुंट्यांनी जोडलेली. नारळाच्या वाट्यांसारखी वेगळी व्हायची.

व्हायची. कारण पुढे तो ठोकळा रोज न्हाऊ लागला. माझी सावली पडली, धुवा. मी त्या दिशेला शिंकलो, धुवा. काशीच्या पंड्याला जन्मात साधलं नसेल एवढं पुण्य त्या लाकडाने सहामाहीत कमावलं. छेदाच्या धड्याला पोचेपर्यंत खुंट्या फुगल्या आणि अर्धुकं एकमेकांना अशी चावून बसली की धाकूने ओढता ओढता दोनदा बूड आपटलं.

हेडमास्तरांना सांगायला गेलो, पाणी थांबवा, उन्हात ठेवा, पोरांना आतलं दिसत नाही.

"लाकडाचं मी बघतो. तुम्ही तुमची पायरी बघा."

तपासणीचा दिवस उजाडला. इन्स्पेक्टरसाहेबांनी पोरांचे कागद चाळले. सगळ्यांनी ठोकळाभर तिरप्या रेघा मारलेल्या, जणू आत पोकळी नावाची गोष्टच नाही. साहेबांनी विचारलं, पोकळी कुठे गेली? वकिलांचा मुलगा उभा राहिला. आम्ही ती कधी पाहिलीच नाही, म्हणाला. खोटं नव्हतं.

हेडमास्तर हसले.

"काय करणार, साहेब. ह्यांच्या सात पिढ्यांनी घरं बाहेरूनच बघितली. हे आतलं काय शिकवणार?"

वर्ग खिदळला. साहेबही गालात हसले. धाकू हसला, ज्याला स्वतःला त्या हेडमास्तरांच्या घरात पडवीपुढे पाऊल टाकायची मुभा नव्हती. साहेब ज्या सरकारचा, त्याच्यासाठी माझ्या बापाने गोळी खाल्लेली. मी मान खाली घालायला लागलो होतो. सवयीने. मान अर्ध्यावर आली आणि थांबली.

पलीकडे सुतारकामाच्या वर्गात भिंतीला करवत टांगलेली होती. गेलो, काढून आणली. ठोकळा हेडमास्तरांच्या समोर टेबलावर ठेवला. डावा पंजा त्यावर दाबला, पाची बोटं. आणि करवत लावली.

"अरे धरा त्याला," हेडमास्तर म्हणाले.

कोण धरणार? मला अडवायचं तर मला शिवावं लागत होतं. चाळीस पोरं, साहेब, हेडमास्तर, शिपाई, सगळे दगडासारखे उभे. त्यांचाच विटाळ त्यांच्या हातात बेडी होऊन पडला होता. मी सावकाश चिरला. जुना फणस असा किंचाळला की तिकडे नाटे बंदरात मासळी जाळं सोडून पळाली असेल. भुसा हेडमास्तरांच्या पगडीवर बसला. तो झटकायलाही त्यांना धीर होईना.

दोन तुकडे पडले. पोकळी उघडी.

मी पोरांना म्हटलं, "इथे रेघा. हे कोरं. काढा."

मग हेडमास्तरांकडे वळलो.

"आता आतूनही बाटलं. आणा घागर."

कुणी चित्र काढलं नाही. संध्याकाळी नोकरी गेली. वळकटी घेऊन निघालो तेव्हा धाकू मी बसायचो ती जागा धूत होता, मन लावून.

धुवा. हवं तेवढं धुवा. यापुढे मी ज्या वर्गात शिरेन तिथे आधी वस्तू उचलेन, पूर्ण पंजाने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ज्याला विटाळ होतो त्याने उठून बाहेर जावं. मी हात मागे घेणार नाही.