आत्याचा कोंडलेला खराटा

आमच्या आत्याला घाण म्हटलं की अंगावर काटा येतो. घराचं सोडाच, कोंबड्यांच्या शेडमधलाही भुसा ती रोज बदलायची. तरी मागच्या खेपेला कॉक्सीनं गाठलंच. हा आतड्यातला परजीवी. विष्ठेत रक्त दिसलं आणि पिल्लं पटापट गेली. तीही लस दिलेली असताना!

जनावरांचे डॉक्टर आले आणि चकाचक भुसा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, लशीत तेच जंतू असतात, पण कमजोर केलेले. ते विष्ठेतून भुशात पडतात. पिल्लं ते थोडे थोडे पुन्हा टिपतात, तेव्हा कुठे अंगात ताकद येते. तुम्ही ती ताकदच झाडून टाकलीत!"

नवी पिल्लं आली. लस झाल्याबरोबर आत्यानं खराटा कपाटात कोंडला आणि किल्ली आतोबांच्या हातात दिली. "मी पाया पडले तरी देऊ नका!" हात शिवशिवायचे, पण भिजलेला भुसा तेवढा ती हातानं उचलायची. बाकीच्याला बोट लावलं नाही.

आज सकाळी ती शेडमधून ओरडतच आली. "अहो, सगळी टुणटुणीत! सगळीच्या सगळी!" पाय पुसल्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडू न देणारी ही बाई शेजारणीला ओढत शेडच्या दाराशी घेऊन गेली. "बघ बघ, काय झकास घाण आहे!"

आतोबांनी हसत खिशातून किल्ली काढली. आत्याचा हात पुढे गेला आणि तसाच मागे आला.

"राहू दे तुमच्याकडेच. माझा काही भरवसा नाही."