भिंगरीचं कोरडं

शालिकराम एका जागी बसलेला मी फार थोड्या वेळा पाहिला. चांदूर बाजारच्या आमच्या शाळेमागे त्याची संत्र्याची बाग होती. वर्गाच्या खिडकीतून तो दिसायचा तो कायम कुठेतरी निघालेला. आळ्यातली माती चाचपून विहिरीकडे चालू लागे आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरे. जेवतानाही दोन घास खाऊन उठायचा आणि उरलेली भाकरी बांधावर फिरत संपवायचा. गळ्यात तुळशीची माळ होती. घरात बापाच्या वेळेपासून मासमच्छी शिरली नव्हती.

वऱ्हाड-मध्यप्रांतात सदतीस साली निवडणुका झाल्या, त्याच्या आदल्या दिवाळीत त्याची म्हातारी कुत्री गावाकडे भटकताना साप चावून मेली. मागे महिन्याभराचं एकच पिल्लू राहिलं. शालिकरामनं त्याचं नाव भिंगरी ठेवलं. संत्री अजून हिरवी होती, पण दोन-तीन महिन्यांत ती रंग धरणार आणि वानरांची टोळी येणार, हे ठरलेलं. वानराला दगड मारायला शालिकरामचा हात धजत नसे. कुत्र्याशिवाय त्याच्यापाशी दुसरा उपाय नव्हता.

भिंगरीला कसं वाढवायचं हे त्याच्या बापानं कधीच ठरवून ठेवलेलं होतं. राखणीच्या कुत्र्याला ओलं दाखवायचं नाही. दूध-ताक मिळालं की ते चुलीपाशी घुटमळतं. म्हणून तिला ज्वारीची शिळी भाकरी मिळे, कोरडी, चुरलेली. पाणी वेगळं. शिवाय आईसारखी भटकू नये म्हणून झाडाला दोरीनं बांधलेली.

"लेकरू हाये थे," त्याची बायको कौशल्या म्हणायची. "घोटभर ताक तरी द्या."

"तू लाडावशीन तिले. मंग वानरं काय तुह्या ताकाले भेतीन?"

दीड महिन्यात भिंगरीचे पुढचे पाय मनगटापाशी वाकले, पंजे बाहेर फाकले. दहा पावलं चालली की बसायची आणि शालिकरामकडे पाहायची. तेव्हापासून त्याची झोप उडाली. कोरडं तर द्यायचंच, पण कोणतं? तीन दिवस फुटाणे दिले, मग भाजलेले शेंगदाणे. मग बैलाला ताकद येते म्हणून सरकीची ढेप, म्हणजे पेंड, दिली. तिनं भिंगरीचं पोट असं बिघडलं की ती दोन दिवस उठली नाही आणि हा त्या झाडाभोवती येरझारा घालत राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यानं मोटारीनं अमरावती गाठली. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरानं सगळं ऐकून सांगितलं, "हाडं नरम पडलीत तिची. हाडातलं काहीतरी पोटात जायला पाहिजे. अजून महिना असाच गेला तर पाय सरळ होणार नाहीत." आणि त्यानं कॅम्पातल्या एका साहेबाच्या खानसाम्याचा पत्ता दिला. साहेबाच्या कुत्र्यांसाठी विलायती बिस्किटांचे डबे येत. खानसाम्यानं ओंजळभर बिस्किटं कागदात बांधून दिली. शालिकरामनं पुडी नाकाशी नेली.

"यात काय असते, मियाभाई?"

"गोश्त, हड्डी का चूरा. और क्या!"

त्यानं पुडी हळूच कट्ट्यावर ठेवली, हात जोडले आणि निघाला. परतीच्या मोटारीत तो तीनदा जागेवरून उठला म्हणे. शेवटी ड्रायव्हर ओरडला.

घरी येऊन त्यानं कौशल्येला विचारलं, "बाच्या कुत्र्याईले कोनं हाडं चारले होते? कोरड्या भाकरीवरच वाढले ना?"

कौशल्या हसली. "मामंजीनं नाई चारले. कुत्रे सुटे राहत. गावाभाईर ढोर मेलं की तिकडं जात अन् तोंड चाटत घरी येत. मंग मामंजी भाकर टाकत अन् म्हनत, पाहा, भाकरीवर कसं पोसलं! म्या या डोयानं पाह्यलं हाये."

शालिकरामनं उठून आधी भिंगरीची दोरी सोडली. पण वाकल्या पायांनी आता ती कुठे जाणार होती?

पुढच्या आठवडी बाजारात तो मासळीच्या ओळीवरून तीनदा गेला. शेवटी भोयाची रुख्मिणीच ओरडली. बाजारात शालिकराम बागेतली मेथी घेऊन बसायचा, त्याच्यासमोरच्या ओळीत तिचं दुकान, वर्षानुवर्षं.

"शालिकभाऊ, वाट चुकले का? भाजी तिकडं!"

"कुत्र्यासाठी पायजे. वाळलं काही."

"कुत्र्यासाठी!" रुख्मिणी शेजारणीकडे वळली. "सारे माळकरी असंच म्हन्तेत, नाई वो?"

दोघी हसल्या. शालिकरामचे कान तापले, तरी तो हलला नाही. मग तिचाच सूर बदलला. "केवढं हाये पिल्लू?"

"तीन महिन्याचं. पाय वाकले तिचे."

"अरे द्येवा! मंग हे मोठी नोको, काटा नरड्यात अडकन. अन् हे खारवलेली तर बिलकूल नोको, पिल्लाले मीठ बाधते. हे बारकी घ्या. पूर्णेच्या रेतीवर वाळवली, बिनमिठाची. बारीक कुटा, पिठात चिमूटभर टाका. पोटाले मानवली की वाढवा. एकदम ओंजळ टाकान तं पुन्हा ढेपीवानी होईन." म्हणजे ढेपीची गोष्ट बाजारभर झालेली होती.

पळसाच्या पानातली ती पुडी काठीच्या टोकाला बांधून, काठी अंगापासून दूर धरून तो गावातून आला. कौशल्येनं उंबऱ्यातच अडवलं. मग त्यानं बागेच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले, दगडानंच मासळी कुटली आणि जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली. ती चहूबाजूंनी फाटली. तरी भाजली, उन्हात वाळवली, चुरून भिंगरीपुढे ठेवली. रोज सकाळी तासभर तो त्या चुलीपाशी बसू लागला.

पण एकादशीच्या भजनाला मात्र मारुतीच्या देवळाबाहेरच उभा राहायचा. आत बोलावलं तर "येतो, येतो" म्हणत पाराभोवती फिरायचा. दोन एकादश्या अशा गेल्यावर भजनी मंडळाचे वामनराव बागेत आले. नाक वर करून म्हणाले, "काय शिजून राह्यलं रे, शालिक?"

पिठाचे हात घेऊन शालिकराम उभा राहिला आणि अमरावतीपासून सगळं सांगून मोकळा झाला. वामनरावांनी भिंगरीला उचललं, पाय दाबून पाहिले.

"तुह्या पोटात गेली का मासोळी?"

"नाई जी."

"मंग भाईर काहून उभा राह्यतं? माळ तुह्या गळ्यात हाये, इच्या गळ्यात नाई. टाळकरी कमी पडून राह्यले आमाले." जाता जाता मागे वळून म्हणाले, "हात तेवढे राखेनं घासून येजो. लय वास येऊन राह्यला."

माघात संत्री रंगावर आली. एका दुपारी शाळेच्या भिंतीवरून वानरं बागेत उतरली. खोपटामागून भिंगरी सुटली. डावा पंजा अजून थोडा बाहेर पडत होता, पण ती धावत होती, आणि टोळी एकेक करत शेजारच्या कडुलिंबावर चढत होती. शालिकराम हातातलं फावडं टाकून तिच्या मागे पळत सुटला. वानरांकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"हळू वो माय, हळू!" तो ओरडत होता. "पाय सांभाळ, पाय!"