शून्य धरायचं राहिलं

घरात त्याला सगळे बंड्या म्हणत, पण त्या माणसानं जन्मात कधी बंड म्हणून केलं नव्हतं. माती-सर्वेक्षणाच्या कार्यालयात तो नकाशे करायचा. आधी शाईच्या पेनानं, पुढे कॉम्प्युटरवर. साहेब म्हणायचे, "यांच्या नकाशात चूक शोधायला बसलात तर तुमची पेन्शन निघेल, चूक निघायची नाही."

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, वेळप्रसंगी बडवलंही. आता तिचं शिवणाचं दुकान होतं, नवरा वारला होता, आणि सारा जीव पाण्याच्या टाकीमागच्या चिमूटभर बागेत होता. दोघं एकाच शहरात, पण भेट व्हायची ती कुणाच्या आजारपणात नाहीतर लग्नात.

नगरपालिकेनं टेकडीवरची पडीक जमीन भाजीपाल्यासाठी तुकडे पाडून द्यायची ठरवली. तुकडे ऐसपैस होते, मात्र ज्यांच्याकडे पालिकेची आधीची जागा असेल त्यांनी ती सोडायची होती. ताई तडक बंड्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"तुझ्या त्या रंगीत नकाशात बघ आणि सांग, कुठला तुकडा घेऊ?"

टेकडीचा नकाशा त्यानं नुकताच पुरा केला होता. जिथे माती खोल तिथे गडद तपकिरी, जिथे उथळ तिथे फिकट. त्यानं सगळ्यात गडद पट्ट्यावर बोट ठेवलं. बहिणीला आपलं काम पहिल्यांदाच दिसतंय म्हणून त्याला मनातून गुदगुल्याही झाल्या.

"हा. डोळे मिटून घे."

ताईनं टाकीमागची बाग सोडली. "माझा भाऊच नकाशे करतो," असं सांगत तिनं शेजारच्या तिघीचौघींनाही त्याच पट्ट्यात ओढलं.

पहिल्याच दिवशी कुदळ खण्णकन वाजली. बोटभर मातीखाली सलग कातळ. चार हात सरकून मारली, तिथेही तेच. त्या शेजारणींतली बेकरीवाली बाई म्हणाली, "तुमच्या भावानं नकाशा घरी बसून काढला का हो?" ताई उसळली, "त्याच्या नकाशाला नावं ठेवायची नाहीत. खणायची सवय नाही तुम्हाला, ते बोला!"

हे सगळं तिनं फोनवर त्याला हसत हसत सांगितलं. त्यानं मात्र कातळ नेमका कुठे लागला, ते दोनदा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं तो पट्टा उघडला. नकाशातल्या एकेका पट्ट्यात दोन-तीन जातींची माती असते, आणि ज्या जातीचा जेवढा हिस्सा तेवढं तिचं वजन धरून सॉफ्टवेअर सरासरी काढतं. इथे साठ टक्के मीटरभर खोल माती होती आणि चाळीस टक्के नुसता कातळ. कातळाला मातीची खोली कुठून असणार? ती नोंद कोरी होती. 'कोऱ्या नोंदी शून्य धरा' या चौकटीत खूण असती, तर सरासरी साठ सेंटिमीटर आली असती आणि पट्टा फिका दिसला असता. खूण नव्हती, म्हणून सॉफ्टवेअरनं कातळ हिशेबातूनच उडवला आणि उरलेल्या मातीचा मीटर सगळ्या पट्ट्याला देऊन टाकला.

खूण त्यानंच काढली होती. त्याआधी तो आम्लतेचा नकाशा करत होता. आम्लतेच्या मापात आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त; तिथे कोरी नोंद शून्य धरली असती तर सगळी टेकडी तेजाबाची दिसली असती. तिथे खूण काढणं बरोबरच होतं. खोलीचा नकाशा करताना ती परत लावायची, एवढंच राहिलं.

त्यानं खूण लावली, नकाशा सुधारला आणि मान खाली घालून साहेबांपुढे उभा राहिला. साहेब म्हणाले, "सुधारलंत ना? मग झालं. होतं असं." दोन शब्द रागावून बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

ताईला सांगायलाच हवं होतं. त्याऐवजी रविवारी तो गाडीत मातीची पोती घालून टेकडीवर हजर झाला.

"अगं बाई! आज कसा काय उगवलास?"

"म्हटलं, जरा मदत करावी."

ताईला आभाळ ठेंगणं झालं. मग तो दर रविवारी जाऊ लागला. कातळावर विटांचे कठडे रचून दोघांनी उंच वाफे भरले. मधे बसून थर्मासमधला चहा प्यायचा आणि लहानपणच्या खोड्या आठवून हसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ताई सांगे, "दर रविवारी येतो हो माझा भाऊ." ते ऐकलं की तो कप बाजूला ठेवून विटा रचायला लागे. बायको म्हणायची, "पोत्यांनी भागणार आहे का हे? सांगून टाका." तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी सांगतो."

वाफ्यांत रोपं धरली, तशी एकदा बेकरीवाली डोकावली. हिरवं आणि भावाची मेहनत बघून ओशाळली. "दादा, मी उगाच तोंड टाकलं तुमच्या नकाशावर. मनावर घेऊ नका."

ताईची मान ताठ झाली. बंड्याच्या हातातली बादली खाली टेकली.

"नकाशा चुकलाच होता," तो म्हणाला. "माझ्याच हातून. खाली कातळ आहे आणि नकाशात मी तो दाखवलाच नाही."

ताईनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तू फोन केलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे पहिलं पोतं आणलंस तेव्हा तुला माहीत होतं."

त्यानं मान डोलावली.

"चूक कुणाची होत नाही रे? पण मला वाटलं, तुला बहिणीची आठवण झाली."

"तेही होतंच, ताई."

"आता त्यातलं किती खरं धरू?" तिनं हातमोजे काढले, पिशवी उचलली आणि उतार उतरू लागली. गाडीनं सोडतो म्हणाला, तर मागे वळूनही पाहिलं नाही.

त्यानं नगरपालिकेत स्वतः जाऊन सारं सांगितलं. शेजारणींना पायथ्याचे तुकडे बदलून मिळाले. टाकीमागची बाग मात्र दुसऱ्या कुणाला गेली होती. ताई म्हणाली, "भरलेले वाफे आता कुठे हलवू?" आणि ती कातळावरच राहिली. त्याचा फोन ती उचलत नव्हती. एकदा तो तसाच तिच्या घरी गेला, तर "आज काम नाही," म्हणून तिनं दारातूनच वाटेला लावलं.

उन्हं तापायला लागल्यावर तिचाच फोन आला. "बागेतला पाइप फुटलाय. यायचं तर ये, नाहीतर प्लंबरला सांगते."

तो गेला. पाइप कापला, नवा तुकडा जोडला. तिनं चहा दिला. बोलली ती पाण्याबद्दल आणि मिरच्यांवर पडलेल्या किडीबद्दल. कप खाली ठेवून त्यानं तोंड उघडलं, "ताई, ते तेव्हाचं—"

"ते परत नको," ती म्हणाली. "तो नळ ठिबकतोय अजून. घट्ट होतो का बघ."

तो नळाशी जाऊन उकिडवा बसला.