डिस्ट्रिब्युटर कुणी फिरवला?

या पानावर येणारे अनुभव मी आजवर गॅरेजमध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि आम्ही सगळे पोट धरून हसायचो. पांढरी साडी, वळणावरची बाई, पैंजण... मी वाचताना आवाजसुद्धा काढायचो. भूतखेत, करणी, मागे लागणं, कशावर म्हणून माझा विश्वास नव्हता. आता आहे का, ते शेवटी बघू.

दुसरी गोष्ट. जामखेडात मला सगळे थापाड्या म्हणून ओळखतात. एका ट्रॅक्टरला मी असं पिकअप दिलं की तो नांगरासकट खर्ड्याचा किल्ला चढला, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की किल्ल्यावर नांगराचे तास पडलेत असं सांगणारी माणसंही आता भेटतात. म्हणून इथं एक पथ्य पाळतो. थाप मारली की लगेच कबूल करेन. बाकीचं जसं घडलं तसं.

माझं गॅरेज नगर रोडला आहे (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण रोड अजून जुनाच आहे). पत्र्याचं शेड, एक शटर, एक किल्ली, आणि ती किल्ली माझ्या करदोट्याला. शेजारी तात्याचं पंक्चरचं दुकान. अठ्ठावीस वर्षं गाड्या उघडतोय. हल्लीच्या गाड्यांना लॅपटॉप लावावा लागतो, पण जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या तालुक्यात अजून आठ-दहा आहेत आणि त्या सगळ्या माझ्याकडे येतात. चाळीस-पन्नास म्हणणार होतो. आठ-दहाच.

गुरुवारी सकाळी विमलबाई आल्या. बाई शाळेत गणित शिकवायच्या, मलाही शिकवलंय. खडू फेकण्यात त्यांचा हात इतका नेमका होता की शेवटच्या बाकावरच्या झोपलेल्या पोराच्या उघड्या तोंडात जायचा. (थाप. कपाळाला लागायचा.) आता सत्तरी ओलांडली, तरी ऐंशीच्या दशकातली ती चौकोनी फिकट निळी गाडी स्वतः चालवतात. गाडी त्यांच्या मिस्टरांची, अप्पांची. अप्पा कोर्टात नकला लिहायला होते. कानानं अधू, बोलायला त्याहून कमी. गाडीचं सगळं काम ते घरीच करायचे, त्यामुळं मला कधी त्या गाडीचं बॉनेट उघडायला मिळालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अप्पा गेले.

"बाळ्या," बाई गाडीतूनच म्हणाल्या, "सातवीत तुला लसावि आला नाही, पण गाड्या येतात म्हणे."

"बाई, दहा मिनिटांत घड्याळासारखी चालवतो."

"कुठलं घड्याळ? शाळेतलं की घरातलं?"

रोग ऐकूनच कळत होता. ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की इंजिनानं स्वतःच्या दमावर संथ चालत राहायला पाहिजे. आम्ही त्याला 'स्लो' म्हणतो. या गाडीचा स्लो चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा आणि मग गप. बाई म्हणाल्या, अप्पा गेल्यानंतर एकदाच बाहेर सर्व्हिसिंग केलं, तेव्हापासून हे असं. गेल्या आठवड्यात भर चौकात एसटीच्या पुढ्यात बंद पडली. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो पुण्याला त्यांच्या मुलाला, मिलिंदला, पाठवला.

"रविवारी दहाला येतोय. स्वतः चालवून बघणार. एकदा जरी बंद पडली तर गाडी भंगारात. माणूस ठरवून ठेवलाय त्यानं."

"मग रिक्षा, एसटी..."

"एसटीची पायरी चढवत नाही रे. गुडघे. क्लच मात्र दाबतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "मंगळवारी-शुक्रवारी खर्ड्याला मुलींना गणित शिकवायला जाते. गाडी गेली की मी घरात. मग भिंती आणि टीव्ही."

हे त्यांनी रडून वगैरे सांगितलं नाही. गणितातलं उदाहरण सांगावं तसं सांगितलं.

कामाला लागलो. प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवे घातले. कार्बोरेटर उघडून धुतला. राहिलं टायमिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इंजिनावर डिस्ट्रिब्युटर नावाचा एक उभा डबा असतो. प्लगला ठिणगी कधी पडायची ते तो ठरवतो. नट सैल करून तो केसभर फिरवला तरी इंजिनाचा सूर बदलतो. जुने मिस्त्री कानानं लावायचे. मी मात्र पुण्याहून टायमिंग लाइट आणलीय. पुलीवरच्या खुणेवर तिचा उजेड मारायचा, पुस्तकात दिलेला आकडा जुळवायचा, नट आवळायचा. जामखेड तालुक्यातली पहिली टायमिंग लाइट. ही थाप नाही, आणि मला तिची जरा जास्तच मस्ती होती.

डबा पुसताना दिसलं, त्याच्या अंगावर आणि खाली ब्लॉकवर छिन्नीनं मारलेली एकेक बारीक रेघ होती. दोन्ही रेघा समोरासमोर आणल्या की ती अप्पांची जागा. लाइटनं बघितलं तर ती जागा पुस्तकाच्या आकड्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढी लांब. टायमिंगमध्ये ज्वारीचा दाणा म्हणजे फार झाला. मी हसलो. नकला लिहिणारा माणूस, म्हटलं, इथं बघून लिहायला काही सापडलं नसेल. पुस्तकाप्रमाणं लावलं, आवळलं, शटर ओढलं.

शुक्रवारी सकाळी बॉनेट उघडलं तर डबा अप्पांच्या रेघेवर.

नट घट्ट. मी तात्याला हाक मारली. "तात्या, ह्या गाडीला हात लावला व्हय?"

"आरं माझ्याच्यानं टायर उचलंना, तुझं डबडं कशाला हलवू? तूच आवळायचा इसरला असशील."

असेल. तेव्हाच, आहे त्या जागेवर, गाडी चालू करून बघितली असती तर विषय तिथंच मिटला असता. पण लाइट नवीन होती ना. पुन्हा पुस्तकावर आणलं. स्लो जरा सुधारल्यासारखा वाटला, संध्याकाळपर्यंत पुन्हा चढ-उतार सुरू. कार्बोरेटरला शिव्या घालून तो परत उघडला.

यावेळी मात्र माझी नेहमीची पद्धत वापरली. टायमिंग लावलं की मी डब्यापासून ब्लॉकपर्यंत बायकोच्या लाल नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढतो. वाळली की काचेसारखी होते. डबा सुतभर हलला तरी रेघ तडकते, आणि गिऱ्हाईकानं घरी चाळा केला की मला कळतं. या रेघेपायी जामखेडात माझी किती भांडणं झालीत आणि घरात किती, ते वेगळं सांगायला नको. रेघ ओढली, वाळू दिली आणि मोबाईलवर फोटो काढला. फोटोत लाल रेघ आणि बाजूला एकमेकींपासून सुटलेल्या अप्पांच्या दोन रेघा स्वच्छ दिसतात.

शनिवारी सकाळी शटर उघडलं. अप्पांच्या दोन रेघा समोरासमोर. लाल रेघ अखंड, आडवी, सरळ. कुठं तडा नाही, खरवड नाही. जणू ती आधीपासून तिथंच ओढली होती.

तात्याला बोलावलं. त्यानं आधी मोबाईलमधला फोटो बघितला, मग चष्मा कपाळावर ढकलून नाक डब्याला टेकेपर्यंत वाकला.

"लाइन तर साबूत हाय की रं."

"तेच म्हणतोय."

"मंग डबा हलला कसा?"

"तेच म्हणतोय ना, तात्या."

तात्या सरळ झाला, हात धुतले आणि समोर आलेला चहा न घेता दुकानात जाऊन बसला. माझा फुकटचा चहा तात्यानं सोडला, अशी जामखेडातली ही पहिलीच नोंद. (दुसरी. एकदा त्याची दाढ दुखत होती.)

तुम्ही म्हणाल, त्या रात्री गॅरेजातच का झोपला नाहीस? मी घरी गेलो. डास फार होते. बरं... डास हीसुद्धा थापच. जायच्या आधी पुन्हा पुस्तकावर लावलं, पुन्हा लाल रेघ, पुन्हा फोटो. हट्ट म्हणा.

रविवारी सकाळी अप्पांच्या दोन रेघा समोरासमोर. लाल रेघ अखंड.

मी तसाच बघत उभा असताना बाई आणि मिलिंद आले. दहा वाजायला अजून अवकाश होता. मिलिंद चांगला मुलगा आहे, आईच्या काळजीनंच बोलत होता. "बाळूदादा, झालं का? मला दुपारी निघायचंय."

आता इथं मी माती खाल्ली. त्याच्यासमोर लाइट काढली. म्हटलं, थांबा, दोन मिनिटांत पुस्तकाप्रमाणं करून देतो, म्हणजे शंकाच नको. बाईंना चालू करायला सांगितलं, नट सैल केला, चालत्या इंजिनावर डबा फिरवून आकड्यावर आणला. नट आवळला. इंजिन दोनदा चढलं, दोनदा उतरलं, आणि मेलं.

मिलिंदनं हाताची घडी घातली. "राहू दे, दादा. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ." मग खिडकीशी वाकला. "आई, बघितलंस ना? उद्या हायवेला असं झालं तर? मी पुण्यात बसून काय करणार?"

बाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसल्या. मला बाईंचे खडू खायची सवय आहे, पण ते बघवेना. शेवटी मी सगळं सांगितलं. तीन सकाळी, लाल रेघ, फोटो. मिलिंदनं फोटो बघितले आणि माझ्याकडे बघितलं. माझा लौकिक पुण्यापर्यंत गेलेला दिसला.

"आणि बाई, ती खूण अप्पांची असेल, पण त्यांना तर ऐकू येत नव्हतं. कानानं लावलं कसं?"

"त्यांनी कुठं लावलं?" बाई म्हणाल्या. "मी इथं बसायचे, ते तिकडं डबा फिरवायचे. बॉनेट उघडं असलं की एकमेकांचं तोंड दिसत नाही. माझ्या कानाला बरं वाटलं की मी ओरडायचे, बास. तेवढं त्यांना ऐकू यायचं. एरवी चहा झाला म्हणून दहा हाका मारल्या तरी नाही." मग म्हणाल्या, "बाळ्या, पुन्हा सैल कर. ती तुझी लाइट ठेव बाजूला."

मी नट सैल केला. त्यांनी चावी फिरवली. इंजिन लागलं, पुन्हा तोच दम लागल्यासारखा आवाज. माझे हात तेलानं बुळबुळीत झाले होते, म्हणून डब्याला हात घालायच्या आधी मी मागे वळून बाकावरचं फडकं घेतलं आणि हात पुसायला लागलो.

आवाज उतरत गेला. म्हणजे बंद पडताना उतरतो तसा नव्हे... कुणीतरी सावकाश लावत आणावा तसा. जरा पुढे गेला, जरा मागे आला, आणि थांबला. एकसारखा.

"बास!" बाई आतून ओरडल्या. "बास, अहो!"

फडकं माझ्या दोन्ही हातांत होतं. मिलिंद माझ्या समोर, इंजिनाच्या पलीकडे, हाताची घडी घालून उभा होता. तो डब्याकडे बघत होता, मग त्यानं माझ्या हातांकडे बघितलं.

अप्पांच्या दोन रेघा समोरासमोर होत्या. मी नट आवळला. 

इंजिनावर एक रुपयाचं नाणं उभं राहिलं असं मी गावात सांगत असतो. तसं काही झालं नाही. मी चहाचा कप ठेवला. चहा थरथरला, सांडला नाही.

मग खर्ड्यापर्यंत जाऊन आलो. मिलिंद चालवत होता, बाई शेजारी, मी मागे. वाटेत शेरडं आडवी आली, एक लग्नाचा टेम्पो वळता वळत नव्हता, खर्ड्याच्या चौकात पाच मिनिटं जागेवर उभे राहिलो. मिलिंद मुद्दाम पाय काढून बसायचा आणि वाट बघायचा. गाडी एकदाही बंद पडली नाही. परत आल्यावर त्यानं चावी आईच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन भंगारवाल्याला फोनवर 'नको' म्हणून सांगितलं. निघताना मला बाजूला घेतलं.

"दादा, तुमचे हात..."

"फडक्यात होते."

त्यानं मान हलवली. नंतर त्यानं हा विषय काढलेला नाही.

आता जेवढं कळलं तेवढं सांगतो. महिन्याभरानं त्या गाडीची पुढची पुली बदलायची वेळ आली. तिच्यात मधे रबर असतं, ते जुनं होऊन बाहेरची कडी सरकली होती. लाइट मारायची ती खूण त्या कडीवरच. म्हणजे माझी लाइट बरोबर होती, खूणच चुकीच्या जागी होती. अप्पांची जागा खरी का, याचा उलगडा तिथं झाला.

नट सैल असताना चालत्या इंजिनावर डबा आपोआप फिरू शकतो, हेही मान्य. आतला दांडा त्याला ओढतो. पण मग तो एकाच बाजूला ओढला जातो. पुढे जाऊन, जरासा मागे येऊन, छिन्नीच्या रेघेवर थांबत नाही. आणि बंद शटरमागं, बंद इंजिनावर, घट्ट नट असताना तीन वेळा फिरला, त्याचं काय? लाल रेघ दोनदा शाबूत राहिली, त्याचं काय? दोन्ही फोटो अजून मोबाईलमध्ये आहेत. चार मिस्त्रींना दाखवले. चौघांनीही 'बाळू, नवीन काढलीस व्हय' म्हणून पाठ थोपटली.

एकदा बाईंनाच विचारलं. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही 'अहो' म्हणालात. मला तर तुम्ही बाळ्या म्हणता.

"मी नुसतं बास म्हणाले," बाई म्हणाल्या आणि गिअर टाकला. तो शुक्रवार होता. खर्ड्याला मुली वाट बघत होत्या.

त्या गाडीला मी लाइट लावत नाही. नेलपॉलिशही लावत नाही. बाकी स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि माझ्यासारख्याला ते रचून सांगायला किती वेळ लागला असता, ते जामखेडात कुणालाही विचारा.