नझीहचा झाडू

नझीहच्या हातात फोन दिला आणि तो झाडल्याशिवाय परत मिळाला, असं आमच्या मीनात, त्रिपोलीच्या या बंदरात, कधी झालं नाही. काच फुटली म्हणून द्या, चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून द्या, नाहीतर नुसतं किती वाजले बघायला खिशातून बाहेर काढा. तो ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "याच्या पोटात किती घाण साचलीय बघ. थांब जरा." मग तो त्यात ते ॲप घालायचा. पडद्यावर एक हिरवा झाडू डावीकडून उजवीकडे फिरायचा आणि खाली अक्षरं उमटायची: दोन तास चाळीस मिनिटं वाचली! त्या ॲपचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला नझीहचा झाडू म्हणत.

यात त्याचा छदामाचा फायदा नव्हता. त्याला लोकांच्या उपयोगी पडायची हौस होती, आणि त्याहून मोठी हौस आपल्याला कळतं हे दाखवायची. तीस वर्षं त्याने घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त केले होते. बॅटरीच्या टोकाला जीभ लावून तो तिच्यात किती जीव उरलाय ते सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. पुढे रेडिओ गेले, घड्याळं फोनमध्ये शिरली. नझीहही मुकाट्याने त्यांच्यामागे फोनमध्ये शिरला. पण फोनच्या बॅटरीला जीभ लावता येत नाही. तिथे त्याला पडद्यावर जे लिहून येतं त्यावरच विश्वास ठेवावा लागला, आणि त्याने तो डोळे मिटून ठेवला.

त्या उन्हाळ्यात त्रिपोलीत सरकारी वीज दिवसातून दीड तास यायची, तीही मनात आलं तर. गल्लीचा जनरेटर डिझेल असेल तेवढाच चालायचा. तापलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावावा तशी माणसं दर थोड्या वेळाने फोनचे टक्के बघत. अशा दिवसांत दोन तास चाळीस मिनिटं फुकट देणारा माणूस सगळ्यांना हवाच असतो. भाजीवाली उम्म तौफीक म्हणायची, "उस्ताद, तो झाडू फिरला ना, की मला माझंच घर झाडल्यासारखं वाटतं."

"घर झाडलंस तर कळेल तुला," नझीह म्हणायचा.

त्याचा स्वतःचा फोन मात्र वेगळ्या कारणासाठी जागा असायचा. आमच्याकडे रक्त दवाखान्यात मिळत नाही, ओळखीत मिळतं. पेशंटच्या घरच्यांनी माणूस आणायचा, त्याने हात पुढे करायचा. म्हणून मीनातल्या रक्तदात्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. त्यात ओ निगेटिव्ह रक्ताची माणसं अवघी पाच. नझीह त्यातला एक. त्याने एकोणीस वेळा रक्त दिलं होतं आणि प्रत्येक वेळेची तारीख त्याला पाठ होती. बायकोमागे एकट्या राहिलेल्या या माणसाला कुणीतरी घाईघाईने शोधत येतं, याचं त्याला फार अप्रूप वाटायचं. "फोन बंद पडला आणि नेमकं तेव्हाच कुणाला रक्त लागलं तर?" हे त्याचं रोजचं वाक्य. झाडू त्याने सगळ्यात आधी स्वतःच्या फोनात घातला तो यासाठीच. मग पाचांतल्या आणखी तिघांच्या.

पाचांखेरीज सहावी होती रुवैदा, पण ती धरली जायची नाही. ती तेव्हा पोटुशी होती. रुवैदा म्हणजे खिदर कोळ्याची एकुलती एक लेक. खिदरला सगळं मीना तिच्याच नावाने, अबू रुवैदा, म्हणजे रुवैदाचा बाप, म्हणून हाक मारायचं. आता तो समुद्रावर जात नव्हता, घरी बसून जाळी विणायचा आणि रोज चारच्या सुमाराला नझीहच्या दुकानात सोंगट्या खेळायला यायचा. चाळीस वर्षांची दोस्ती. "पोरीचं नाक माझं आणि रक्त मेलं तुझं," तो म्हणायचा. "हरामखोरा, कुठून आणलंस सांग."

"तू समुद्रावर असताना," नझीह म्हणायचा, आणि दोघं खोकला येईपर्यंत हसायचे.

तिचे दिवस भरत आले तसं नझीहने खिदरला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "ती बाळंत होईल त्या दिवशी नुसता मेसेज टाका. तुम्ही फोन खिशात ठेवायच्या आत मी दवाखान्याच्या दारात असेन."

ती तीन आठवडे आधीच बाळंत झाली, एका मंगळवारी सकाळी. नवरा झाहेर तिला पहाटे शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला, मागून खिदर गेला. साडेअकराला मुलगी झाली. बाराच्या पुढे रुवैदाचं रक्त थांबेना. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आमच्याकडे एकच पिशवी आहे, माणसं बोलवा. टॉवरचं डिझेल संपल्यामुळे साधा फोन लागत नव्हता, पण दवाखान्यात आणि आमच्या गल्लीत वायफायचं इंटरनेट चालू होतं. झाहेरने ग्रुपवर लिहिलं. नझीहला वेगळं लिहिलं. व्हॉट्सॲपवरून त्याला फोनही लावले. खिदर मात्र शांत होता. तो फाटकापाशी जाऊन उभा राहिला आणि रस्त्याकडे बघत राहिला. मेसेज गेलाय म्हटल्यावर नझीह येणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्या कुणी धावाधाव केली नाही ती त्याच्या या खात्रीपायी.

दीड वाजून गेला तेव्हा तो भानावर आला. एका मोटरसायकलवाल्याच्या हातापाया पडून, त्याच्यामागे बसून तो मीनात आला. नझीह दुकानात बसून टूथब्रशने एका फोनची पिन साफ करत होता. शेजारी कागदात गुंडाळलेला अर्धा फलाफल होता.

"तू इथे काय करतोयस?" खिदर ओरडला.

"का? काय झालं?"

"रुवैदा..."

नझीहने आपला फोन उचलला आणि व्हॉट्सॲप उघडलं. आतापर्यंत गप्प असलेला तो फोन हातात वाजायला लागला. एकामागून एक मेसेज आले, हुकलेले कॉल आले. खिदरने ते पाहिलेही नाहीत. त्याने नझीहला दंडाला धरून बाहेर ओढलं.

नझीहने विसाव्यांदा रक्त दिलं. पिशवी भरत असताना तो नर्सला सारखा म्हणत होता, "जोरात घ्या, मला काही होत नाही." पिशवी भरली तेव्हा रुवैदाला त्याची गरज उरली नव्हती. ती गेली होती. चोवीस वर्षांची होती.

मातीच्या दिवशी कळलं की पाचांपैकी चौघांना मेसेज दिसलाच नव्हता. पाचवी, शाळेतली बाई, डोंगरातल्या माहेरी होती. ती निघाली होती, पण वाटेत पेट्रोल मिळालं नाही. लोक म्हणाले, हे इंटरनेटच मेलं असं आहे. लोक म्हणाले, देशच असा आहे. उरलेले तिघे हळहळत होते आणि त्यांच्या खिशातल्या फोनांत झाडू फिरत होता. नझीहच्या पायाखालची वाळू सरकली ती तिथे, कबरस्तानात.

त्याने दुकानात येऊन आपला फोन उघडला आणि त्या ॲपच्या आत शिरला. इतक्या दिवसांत तो कधी इतक्या आत गेला नव्हता. तिथे एक यादी होती, झोपवलेल्या ॲपची. व्हॉट्सॲप तिसऱ्या नंबरवर. सुरुवातीला ॲप विचारायचं, कुणाकुणाला झोपवू? वाचत बसायला गिऱ्हाइकाला कुठे वेळ असतो, म्हणून नझीह खालचं बटण दाबायचा: सगळ्यांना. सगळ्यांच्या फोनात त्याने तेच दाबलं होतं, स्वतःच्या अंगठ्याने.

तरी मन अजून काहीतरी आधार शोधतच होतं. निदान बॅटरी तर वाचत होती? त्याने एकाच कंपनीचे दोन जुने फोन घेतले, दोन्हींत एकाच खोक्यातल्या नव्या बॅटऱ्या घातल्या, दोन्ही पूर्ण भरले. एकात झाडू घातला, दुसऱ्यात नाही. शटर अर्धं खाली ओढून तो दोन दिवस त्यांच्यासमोर बसून राहिला आणि दर तासाला टक्के लिहीत गेला. झाडू एकेकाला बंद करायचा. थोड्या वेळाने त्यातली बरीच ॲप आपोआप पुन्हा उठायची, आणि उठताना पडून राहण्यापेक्षा जास्त खायची. मधूनमधून झाडू स्वतःच जाहिरात दाखवायचा. व्हॉट्सॲपसारखं जे झोपूनच राहिलं ते एकदम मुकं झालं, तेवढंच काय ते. झाडूवाला फोन चौदा मिनिटं आधी बंद पडला. दोन तास चाळीस मिनिटं कुठेच नव्हती. ती नुसती लिहून यायची.

नझीह तिथे स्टुलावर बसून लहान पोरासारखा रडला.

पुढचे दिवस तो दारोदार फिरून झाडू काढत होता. लोक चिडायचे. "आता माझी बॅटरी कोण वाचवणार?" उम्म तौफीकने विचारलं.

"पडदा जरा अंधुक ठेव, उन्हात टाकू नकोस. आणि बॅटरी जुनी झाली की बदलायची असते, ती झाडून नवी होत नाही."

"इतके दिवस मग काय सांगत होतास?"

"इतके दिवस मला कळत नव्हतं."

हे म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती, तरी म्हणाला. पण का काढतोय ते मात्र त्याने कुणालाच सांगितलं नाही. जुनं झालंय, व्हायरस असतो, असं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. भ्याड नव्हता तो. पण चार वाजले की रस्त्याकडे बघायचा, आणि खिदर येत नाही हे दिसलं की त्याला सुटल्यासारखंही वाटायचं. याची त्याला फार शरम वाटायची.

चाळिसावा झाल्यावर खिदर आला. सोंगट्यांच्या पेटीकडे त्याने पाहिलं नाही. रुमालात बांधलेला एक फोन त्याने टेबलावर ठेवला. काचेचा चुरा झाला होता, मधोमध पोचा होता.

"झाहेरचा. त्या दिवशी त्याने भिंतीवर आपटला." खिदर बसला. "तो पोरीला हातात घेत नाही, नझीह. चाळीस दिवस झाले. म्हणतो, मीच उशीर केला. म्हणतो, मी घाबरलो होतो, मेसेज लिहिला आणि पाठवायचं बटण दाबायचंच राहिलं, तासाभराने ध्यानात आलं. त्याला तसं आठवतं म्हणे. त्याला बघायचंय, किती वाजता पाठवला ते."

नझीहने काचेच्या चुऱ्यावरून बोट फिरवलं.

"तू सांग, हा उघडत नाही. मेला म्हण. उशीर केलाच असणार त्याने, नाहीतर तू आला असतास. ते लिहिलेलं त्याने डोळ्यांनी बघितलं तर तो जगायचा नाही."

आता गप्प राहणं किती सोपं होतं बघा. फोन खरंच मेलेला होता. आणि ज्याला खोटं बोलायचं त्याचा जिवलग मित्रच हात जोडून ते खोटं मागत होता.

"अबू रुवैदा," नझीह म्हणाला, "त्याने उशीर केला नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. यादी, अंगठा, सगळ्यांना म्हणून दाबलेलं बटण, चौदा मिनिटं. काहीच लपवलं नाही. खिदर ऐकत होता आणि मांडीवरचा रुमाल घडी करत होता. घडी झाली, ती उलगडली, पुन्हा केली.

"फाटकात उभा होतो मी," तो शेवटी म्हणाला. "लोक म्हणत होते दुसरं कुणी बघा. मी म्हटलं, नझीह येतोय." तो उठला. "जा, त्याला सांग. मला आणखी काही सांगू नकोस."

तो गेला. दुकानाच्या पायरीवर त्याचा पाय अडखळला. नझीह सावरायला पुढे झाला, तेव्हा त्याने हात झटकला.

झाहेरचं घर जुन्या बंदरामागे होतं. नझीह पोचला तेव्हा दुपार कलली होती. झाहेरची आई दारातल्या खुर्चीवर बाळाला बाटली पाजत होती आणि झाहेर आत भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"अम्मो नझीह," झाहेर त्याला काकाच्या नात्याने हाक मारायचा, "उघडला का फोन?"

"तो नाही उघडत. पण तू मला पाठवलेलं माझ्या फोनात आहे." नझीहने आपला फोन त्याच्या हातात दिला. "वर सरकव."

झाहेर बघत राहिला. ओठ हलत होते. मग तो मोठ्याने वाचायला लागला, शाळेत धडा वाचावा तसा. "बारा चौतीस. अम्मो नझीह, रुवैदाला रक्त हवंय, लवकर या. बारा पस्तीस, कॉल. बारा छत्तीस, कॉल. बारा एकोणचाळीस. बारा चव्वेचाळीस. अम्मो, कुठे आहात." त्याने मान वर केली. "डॉक्टर कधी बाहेर आले होते, आई?"

"साडेबाराला," आई दारातून म्हणाली. "अजान संपत होती."

"म्हणजे चार मिनिटांत." त्याने पुन्हा वर सरकवून पाहिलं. "मी चार मिनिटांत पाठवला, आई. मी उशीर नाही केला. मी उशीर नाही केला."

ती माउली बाळासकट उठून आत आली. झाहेरने दोन्ही हात पुढे केले. तिने मुलीला त्यांत ठेवलं. आधी त्याला धरता येईना, मान कुठे, पाय कुठे. मग जमलं. त्याने तिच्या दुपट्यात तोंड खुपसलं आणि चाळीस दिवसांचं रडू तिथे रडून घेतलं. नझीह उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने झाहेरने तोंड वर केलं. मुलगी त्याच्या छातीशी झोपली होती. त्याने जमिनीवर पडलेल्या त्या फोनकडे पाहिलं, मग नझीहकडे.

"मग तुम्ही कुठे होतात, अम्मो?"

"दुकानात," नझीह म्हणाला. "फोन समोरच होता. सत्त्याऐंशी टक्के बॅटरी होती."