मास्तरांच्या वाट्याचं

गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेलरबाई नुसतं बघून कमरेचं माप सांगायच्या. टेप लावून पाहावं तर फार तर अर्ध्या इंचाचा फरक. पस्तीस वर्षं नवऱ्याने कापड कापलं आणि त्यांनी शिवलं. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत, त्याही म्हणायच्या. मशीनवर पाय मारून मारून बाईंच्या दोन्ही गुडघ्यांची पार वाट लागली होती, आणि त्या गुडघ्यांवर अठ्ठ्याऐंशी किलोंचा संसार.

म्हणून दर मंगळवारी सकाळी फिजिओथेरपीचा वर्ग. सात-आठ बाया, सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे. शिकवणारी डॉक्टर वयाने पोरसवदा, पण जिभेला धार.

"मावशी, एक किलो उतरवलात तर गुडघ्यावरचा चार किलोंचा भार हलका होतो. जे खाल ते वहीत लिहायचं. लबाडी चालणार नाही."

बाईंनी लिहिलं. बिनसाखरेचा चहा, अर्धी वाटी भाजी, एक फळ. वही बघावी तर उपास चाललाय, आणि काटा मात्र भरपेट जेवून उठल्यासारखा. दोन महिन्यांत तीन किलो वाढले.

लबाडी नव्हती असं नाही. मास्तरांचं जेवण तुटलं होतं. दोन घास खाल्ले की ताट सरकवायचे. लेक कामावरून येताना रोज डोकावायची आणि आधी ताटाकडे बघायची.

"ताट रिकामं दिसू दे," मास्तर म्हणाले. "नाहीतर ती डॉक्टरकडे नेईल, मग हॉस्पिटल. माझा भाऊ तिथे गेला तो परत आलाच नाही. मला घरातच राहू दे गं."

बाईंनी शब्द दिला. अन्न टाकावं तर लेकीला कचऱ्याच्या डब्यात दिसेल, म्हणून त्या खायला लागल्या. पोट भरलेलं असलं तरी खायच्या. वहीत मात्र लिहिलं नाही. जेवण मास्तरांचं, ते आपल्या वहीत कसं लिहायचं, असा त्यांचा सरळ हिशोब.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर लेकीला संशय आला असता. पण मास्तरांची पँट सैल झाली की बाई दुपारी शिवण उसवायच्या, कंबर आत घ्यायच्या, वरून इस्त्री फिरवायच्या. शर्टांच्या बाजूही घेतल्या. लेक म्हणायची, "बाबा कसे टापटीप दिसतात!" पस्तीस वर्षांचं कसब असं कामी आलं. आग लागो त्या कसबाला.

एका मंगळवारी डॉक्टरने वही मिटली. "मावशी, खरं सांगा. चोरून काय खाता?"

बाया फिदीफिदी हसल्या. बाईंना ते लागलं. "चोरून नाही गं. उष्टं खाते. मास्तरांचं."

"थोडंफार?"

"सगळंच. दोन्ही वेळचं."

डॉक्टरचं हसू मावळलं. "मग ते काय खातात? त्यांचं वजन किती आहे?"

वजन बाईंना ठाऊक नव्हतं. माप तोंडपाठ होतं. "कंबर छत्तीस होती," त्या म्हणाल्या. "आता एकोणतीस." स्वतःच्या तोंडून आकडा ऐकला आणि त्यांनी बोटांवर मोजलं, सात इंच. अर्धा अर्धा इंच घेताना त्यांनी कधी बेरीज केलीच नव्हती.

डॉक्टरने तिथूनच लेकीला फोन लावला. संध्याकाळपर्यंत मास्तर हॉस्पिटलात होते. पोटात गाठ निघाली. तिथले डॉक्टर म्हणाले, चार महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

लेक घरी आली, कपाटातली एक पँट काढून उलटी केली. आत एकाशेजारी एक टिपांच्या रांगा. "आई, हे तू केलंस?" तिने विचारलं. लेक त्यानंतर हॉस्पिटलात शेजारी बसायची, पण आईशी बोलायची नाही.

मास्तर रागावले नाहीत, याचंच बाईंना जास्त वाईट वाटलं. "शब्द मोडलास," एवढंच म्हणाले, मग जरा हसून, "टीप मात्र सरळ मारलीस हो." एकोणिसाव्या दिवशी ते गेले. घरी परत आलेच नाहीत.

तीन महिन्यांनी बाई पुन्हा वर्गाला गेल्या. काट्यावर उभ्या राहिल्या. ब्याऐंशी. बायांनी टाळ्या वाजवल्या, कारण काय झालं ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एकीने विचारलं, "नऊ किलो! काय केलंत हो?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "आता माझ्यापुरतंच जेवते."

डॉक्टरने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने बाईंचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

वर्ग सुटल्यावर बाई जिना उतरल्या. तळाशी पोचल्यावर लक्षात आलं, कठडा धरला नव्हता आणि गुडघाही दुखला नव्हता. दुखायला हवा होता, असं त्यांना वाटलं, आणि त्या तिथेच शेवटच्या पायरीवर बसून ढसाढसा रडल्या.