समुद्राचा आठवडा

११ डिसेंबर रोजी वाळूच्या बार्ज कंपनीच्या कारकुनाने मिस्त्रींसमोर टेबलावर रोख सहा हजार आठशे चाळीस रुपये मोजून ठेवले. मुलाचा पगार होता तो, बार्ज बुडाली त्या दिवसापर्यंतचा. मिस्त्रींनी पैसे घेतले आणि पावतीवर सही करायला पेन उचललं. पावतीवर वरच्या बाजूला 'अखेरचा हिशेब' असं छापलेलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे खोडा. नुसतं 'पगार' लिहा. हिशेब अजून अखेरचा झालेला नाही."

कारकून भला माणूस होता. त्याने छापील शब्दांवर रेघ ओढली आणि वर 'पगार' असं लिहिलं. बार्जवर पाचजण होते. तिघे पोहत किनाऱ्याला लागले, चौथ्याचं प्रेत दुसऱ्या दिवशी सापडलं आणि पाचवा, इंजिनावरचा, मिस्त्रींचा मुलगा, सापडलाच नव्हता. हे कारकुनालाही ठाऊक होतं आणि मिस्त्रींनाही. दोघांनी त्याचे अर्थ मात्र वेगवेगळे लावले होते.

मिस्त्री म्हणजे शिलाई मशीनचे मिस्त्री. पस्तीस वर्षं खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून ते शिवणकामाच्या कारखान्यांतून आणि घराघरांतून फिरत आले होते. जिना चढता चढता वरच्या मशीनचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचे. बायका तक्रार करू लागल्या की म्हणायचे, "मशीन आपण होऊन बिघडत नाही, ताई. तिला कुणीतरी मदत करावी लागते." मुलगा लहानपणी त्यांच्याभोवती सारखा गरगर फिरायचा, म्हणून त्यांनी मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळावरून त्याचं नाव बॉबिन पाडलं. तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं. बॉबिनला सुई-दोऱ्याची मशीन फारच किरकोळ वाटायची. त्याला मोठं इंजिन हवं होतं, आणि ते त्याला बार्जवर मिळालं.

हे झालं सहा दिवसांचं काम. सातव्या दिवशी, शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विसाव्याच्या दिवशी, मिस्त्रींना पिशवीला हात लावायचा नसे. त्या दिवशी ते वाचक असत.

प्लायवूडच्या दुकानांवरच्या माडीवर यहुदी मंडळींचं प्रार्थनाघर होतं. पंधराएक घरं. तिथे दर शनिवारी मोशेच्या पाच ग्रंथांमधला एक भाग वाचला जायचा, आणि वर्षभरात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं वाचून पुन्हा सुरुवात व्हायची. कुठल्या आठवड्याला काय वाचायचं ते ठरलेलं. कुणाच्या घरी लग्न आहे की मरण, हे तो पाठ बघत नाही. वाचायचं ते चामड्याच्या गुंडाळीतून. तिच्यात नुसती व्यंजनं असतात. स्वर नाहीत, विराम नाहीत, चालीच्या खुणा नाहीत. ते सगळं वाचणाऱ्याने आठवडाभर घोकून डोक्यात भरायचं. मिस्त्री आपल्या खोलीत मशीनच्या पाट्यावर बोटांनी ताल धरून घोकायचे, आणि बायको ओट्याशी उभी राहून स्वयंपाक करायची. तीस वर्षं तिच्या कानांवर ते पडत होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण मिस्त्री कुठे अडखळणार हे तिला आधी कळायचं.

वाचकाने एक शब्द जरी चुकीचा वाचला, तरी ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथे मोठ्याने तो दुरुस्त करायचा आणि वाचकाने मागे जाऊन बरोबर वाचायचा, अशी रीत होती. त्याशिवाय वाचन पूर्ण झालं असं धरत नसत. यात भीडभाड नसे. उलट मंडळी टपून बसलेली असायची. न्हावी तर नक्कीच. त्याला सगळे 'घड्याळ' म्हणायचे, कारण तो कधी वेळेवर आला नव्हता. दहा पुरुष जमल्याखेरीज गुंडाळी बाहेर काढता येत नाही, आणि दहावा बहुतेक वेळा हाच असायचा. धापा टाकत यायचा आणि बसायच्या आत मिस्त्रींची चूक काढायचा. मिस्त्री म्हणायचे, "याला उशीर होतो तो फक्त पायांनी."

बार्ज बुडाली त्या आठवड्याचा पाठ योसेफाचा होता. भाऊ त्याला विकतात, त्याचा झगा रक्तात बुडवून म्हाताऱ्या बापापुढे टाकतात, आणि याकोब मुलासाठी शोक करत बसतो. सगळे त्याचं सांत्वन करायला येतात. तो ते घेत नाही. हे वाचून मिस्त्री घरी आले ते एक गोष्ट धरूनच. त्यांच्या वडिलांनी ती त्यांना शिकवली होती: मेलेल्याचं दुःख माणसाच्या मनातून हळूहळू उतरतं, जिवंत माणसाचं उतरत नाही. याकोबाचं दुःख उतरेना, कारण योसेफ जिवंत होता.

"माझंही उतरत नाही," ते बायकोला म्हणाले.

"आठवडा झालाय फक्त," ती म्हणाली.

पुढचे आठवडे मिस्त्री त्या पाठांच्या आधारावर चालत राहिले. योसेफ तुरुंगात गेला, सुटला, मोठा झाला. याकोबाला निरोप आला की मुलगा जिवंत आहे. त्या शनिवारी मिस्त्रींचा आवाज असा लागला की प्रार्थनाघराच्या खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. रात्री, शब्बाथ संपल्यावर, त्यांनी बॉबिनचे जाड बूट पॉलिश करून दाराशी ठेवले. सोमवारी सकाळी बायकोने ते उचलून पलंगाखाली सरकवले.

तिची अडचण वेगळी होती. त्यांच्यात मूल गेलं की आईबाप कपडा फाडतात, सात दिवस जमिनीवर किंवा अगदी ठेंगण्या पाटावर बसतात आणि लोक येऊन जवळ बसून जातात. पण ज्याचं प्रेत पाण्यात हरवलं, त्याचा शोक कधी सुरू करायचा? खजिनदारांनी दूरच्या शहरातल्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, फोन करून विचारलं होतं. रब्बी म्हणाले, घरच्यांनी सापडण्याची आशा सोडली की त्या घटकेपासून. आणि ते दुसऱ्या कुणी त्यांच्या वतीने म्हणायचं नाही. या मंडळींच्या रीतीने ते घरच्या कर्त्या माणसाने तोंडाने बोलायचं, आणि मग सगळ्या घराने एकदम बसायचं.

म्हणजे मिस्त्री बोलत नाहीत तोवर तिला बसता येत नव्हतं. शेजारणी जिन्यात भेटल्या की त्यांनाही काय बोलावं ते सुचेना. सांत्वन करावं तर अजून तसं काही नाही, आणि चौकशी करावी तर कशाची? एकीने नुसतंच विचारलं, "मग, काय म्हणता?" मिस्त्रींची बायको घरी येऊन भाजी चिरत बसली आणि चिरतच राहिली. दोघांना दोन दिवस पुरली.

जानेवारीच्या मध्याला एकदा तिने पाट्यावर ताल धरलेला मिस्त्रींचा हात धरला.

"अहो, मला एकदा जमिनीवर बसू द्या."

"कुणासाठी? आधी कळू तर दे."

"मला कळलंय. तुम्हाला कळायची वाट बघतेय मी."

मिस्त्रींनी हात सोडवून घेतला. ते रागावले नाहीत. त्यांनी तिला समजावून सांगायला सुरुवात केली, मशीनचा बिघाड समजावतात तसं. समुद्राची गोष्ट तिला आठवत नाही का, म्हणाले. पुढे समुद्र, मागे मिसरच्या राजाची, फारोची फौज. मोशेने हात उचलला तरी पाणी हललं नाही. मग एकजण पाण्यात शिरला. गुडघ्यापर्यंत गेला, छातीपर्यंत गेला, पाणी नाकाशी आलं, आणि तेव्हा समुद्र दुभंगला. सुटका नाकाशी पाणी आल्यावरच होते. दर वर्षी तो पाठ आपण वाचतो. वाचणाऱ्या तोंडानेच म्हणू का, की माझा मुलगा येत नाही?

ही गोष्ट बॉबिनला त्यांनीच सांगितली होती, तो सातआठ वर्षांचा असताना. तेव्हा त्याने विचारलं होतं, "बाबा, देवाला गुडघ्यालाच दुभंगायला काय झालं होतं?" मिस्त्री तेव्हा खूप हसले होते. बायकोला ते आठवलं. तिने ते बोलून दाखवलं नाही.

समुद्राचा तो पाठ महिनाअखेरच्या शनिवारी येत होता. त्या आठवड्यात घरात घोकणं ऐकू आलं नाही. मिस्त्री पुस्तक उघडून बसायचे, ओठ हलायचे, बोटं पाट्यावर पडायची, पण आवाज नाही. कारखान्यात एका बाईच्या मशीनचं शटल त्यांनी उलटं बसवलं. तिने हसून चूक दाखवली तेव्हा ते कितीतरी वेळ त्या शटलकडे बघत राहिले.

शनिवारी घड्याळ सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. खजिनदार म्हणाले, "सूर्य पश्चिमेला उगवलाय वाटतं." बायका वर लाकडी जाळीमागे बसल्या होत्या. गुंडाळी उघडली, मिस्त्रींनी चांदीची दर्शिका हातात घेतली, अक्षरांना बोट लागू नये म्हणून वापरतात ती, आणि वाचायला लागले.

आवाज कोरडा होता पण चाल शाबूत होती. पाणी दुभंगलं, उजव्या-डाव्या बाजूला भिंतीसारखं उभं राहिलं. लोक कोरड्यावरून पार गेले. मागून फौज शिरली, चाकं रुतली. मोशेने पुन्हा हात उचलला आणि पाणी परत आलं. आता पुढची ओळ होती: पाण्याने रथ झाकले, स्वार झाकले, आत शिरलेली सगळी फौज झाकली, त्यांच्यातला एकही उरला नाही. मूळ भाषेत त्यातला 'नाही' आधी येतो. लहानसा शब्द आहे, 'लो'.

मिस्त्रींची दर्शिका त्या शब्दावरून पुढे सरकली. तोंडातून तो आला नाही. 'लो' गाळून उरलेले शब्द त्यांनी वाचले, आणि त्यांचा अर्थ होत होता, त्यांच्यातला एक उरला.

ते थांबले. चूक त्यांच्या स्वतःच्या कानाला कळली होती. मागे जायला हवं होतं. ते गेले नाहीत. दर्शिका ओळीच्या शेवटाशी तशीच धरून ते उभे राहिले आणि कुणीतरी दुरुस्त करेल याची वाट बघू लागले. खजिनदार त्यांच्या शेजारीच छापील पुस्तक घेऊन उभे होते आणि त्यांचं बोट त्याच शब्दावर होतं. त्यांनी तोंड उघडून पुन्हा मिटलं. मिस्त्रींनी घड्याळकडे पाहिलं. घड्याळ मान खाली घालून आपल्या नखांकडे बघत होता. कुणालाही तो शब्द त्यांच्या अंगावर टाकवेना. खाली रस्त्यावर कुणीतरी प्लायवूडचे तक्ते हातगाडीवर आपटत होतं, तेवढाच आवाज.

मिस्त्रींना वाटलं, राहू द्यावं. एका वर्षी एक शब्द.

"लो," वरून आवाज आला.

जाळीमागून बाईने वाचकाला दुरुस्त केल्याचं तिथे कुणी ऐकलं नव्हतं. कुणी वर पाहिलं नाही. आवाज बायकोचा होता, आणि तिने तो नेमक्या त्याच सुरात म्हटला होता ज्या सुरात मिस्त्री तीस वर्षं घरी म्हणत आले होते. क्षणभराने तिने तो पुन्हा म्हटला, जरा हळू.

मिस्त्रींनी दर्शिका मागे नेली. ओळ पहिल्यापासून घेतली. 'लो' पाशी त्यांचा आवाज फाटला, पण शब्द निघाला. सगळ्यांनी ऐकला. त्यापुढच्या ओळींत असं आहे की लोकांनी मिसरी सैनिकांची प्रेतं समुद्रकाठी पडलेली पाहिली, आणि त्यांनी परमेश्वरावर विश्वास ठेवला. मिस्त्री प्रेतांच्या ओळीपाशी पुन्हा थांबले. शत्रूंनासुद्धा पाण्याने परत केलं होतं. मग विश्वासाची ओळ त्यांनी वाचली, जशी लिहिलीय तशी. समुद्राचं गीत सुरू झालं तेव्हा मंडळी रीतीप्रमाणे उभी राहिली. त्याला आनंदाची वेगळी चाल आहे. मिस्त्रींनी चाल लावली नाही. साध्या सुरात वाचलं, आणि चूक कुठेही झाली नाही.

दोघं बरोबर घरी आले. शब्बाथच्या दिवशी शोक सुरू करत नाहीत, म्हणून दोघं समोरासमोर खुर्च्यांवर बसून अंधार पडायची वाट बघत राहिले. मध्ये एकदा तिने चहा विचारला आणि त्यांनी मान हलवली. शब्बाथला चूल पेटवत नाहीत, म्हणून थर्मासमध्ये शुक्रवारचा होता तोच तिने दोन कपांत ओतला.

खिडकीतून तीन चांदण्या दिसल्या, म्हणजे शब्बाथ संपला, तेव्हा मिस्त्री उठून उभे राहिले.

"सोडली," ते म्हणाले.

"पूर्ण बोला."

"तो सापडेल ही आशा सोडली मी."

ती पण उभी राहिली. त्यांनी दोरा कापायच्या कात्रीने शर्टाला उजव्या बाजूला बारीक चीर दिली आणि उरलेलं हाताने फाडलं. मग तिच्या पदराजवळ ब्लाउजला तशीच चीर दिली. ती फाडायला तिला जमेना. पस्तीस वर्षं या माणसाच्या घरात तिने कापड जपलं होतं. शेवटी दोघांनी एक एक टोक धरून ओढलं. मग ती जमिनीवर बसली. भिंतीला पाठ लावली, पाय पसरले, आणि रडायला लागली. मिस्त्री तिच्याशेजारी बसले. घड्याळ अर्ध्या तासाच्या आत आला, खजिनदारांच्याही आधी. दारातच जोडे काढून कोपऱ्यात जाऊन बसला. रीत अशी की शोकात बसलेला बोलल्याशिवाय आलेल्याने बोलायचं नाही. मिस्त्री त्या रात्री बोलले नाहीत.

सात दिवस घरात दिवा तेवत ठेवायचा होता. घरात तेल थोडंच होतं. खजिनदारांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मिस्त्रींच्या नावावर उधार आणलं. शोकाच्या आठवड्यात मिस्त्रींनी व्यवहार करायचा नव्हता, आणि त्यानंतर ते त्या दुकानाच्या बाजूने गेले नाहीत. त्या तेलाचे बावन्न रुपये दुकानदाराला अजून द्यायचे आहेत.